मधल्या सीटखालचा आवाज

आमची गाडी आठ माणसांची, जुनी आणि जड. नवऱ्याने ती वापरलेली घेतली तेव्हा घरात सगळ्यांनी नावं ठेवली होती. पण नणंद, नंदावा, त्यांच्या दोन मुली, सासूबाई आणि आम्ही दोघं अशी सात माणसं दर रविवारी एकदम बाहेर पडायची म्हणजे दुसरी सोय नव्हती. त्यामुळे नावं ठेवत ठेवत सगळे तिच्यातच बसायचे.

एका रविवारी तलावाच्या रस्त्यावर ती गुणगुणायला लागली. काटा साठच्या पुढे गेला की खालून कुठून तरी घूंऽऽ असा आवाज. ऐंशीच्या जवळ गेलं की कमी. मुलींनी त्याला चाल लावली. नवऱ्याने खिडक्या उघडल्या, बंद केल्या, रेडिओ बंद केला आणि "टायरचा आहे" असं ठरवून टाकलं.

सोमवारी गाडी घेऊन मी कामावर गेले. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. जाताना-येताना कान टवकारून बसले, पण आवाज नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. रविवारी सगळे बसले आणि परत घूंऽऽ.

तीन गॅरेजं झाली. पहिल्याने मागच्या चाकांची बेअरिंगं बदलली. दुसऱ्याने टायरांची अदलाबदल केली आणि तोल साधायला चाकांना शिशाचे तुकडे चिकटवले. तिसरं गॅरेज चकचकीत होतं. तिथे काचेच्या खोलीत बसवून कॉफी दिली आणि मागच्या धुऱ्यातले गिअर अख्खे बदलावे लागतील असं सांगितलं. प्रत्येक ठिकाणी एक माणूस गाडीची चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, "मॅडम, आवाज तर काहीच येत नाही."

"मग बदलताय कशाला?" मी तिसऱ्या ठिकाणी विचारलं.

"तुम्ही म्हणताय ना, येतो म्हणून."

घरी नवऱ्याने मात्र स्वतःचं निदान काढलं होतं. एका रविवारी सगळ्यांसमोर म्हणाला, "एक लक्षात आलं का? आई असली की आवाज येतो, नसली की नाही. आई, तू बसलीस की गाडी रडते बघ."

सगळे हसले. सासूबाईही हसल्या. त्यांना मी आईच म्हणते. बाहत्तर वर्षांच्या, अंगाने किरकोळ, बोलणं कमी. त्यांची जागा ठरलेली, मधल्या रांगेत मधोमध, दोन्ही बाजूंना एकेक नात. तिथून पुढचा रस्ता दिसतो म्हणून ती जागा त्या कुणाला देत नसत.

पुढच्या रविवारी आई म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या गं, आज माझे गुडघे दुखतायत." नणंदेकडे पाहुणे आले होते, त्यामुळे आम्ही दोघंच गेलो. सबंध रस्ताभर आवाज नाही. नवऱ्याने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की जणू शोध लावल्याबद्दल त्याचा सत्कारच व्हायचा होता.

त्याच्या पुढच्या रविवारीही गुडघे, मग जाणंच रद्द झालं. मधल्या एका दिवशी मी दुकानातून लवकर आले, तर आई भाजीची जड पिशवी घेऊन जिना तुरुतुरु चढत होत्या. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"आई, गुडघे बरे दिसतायत."

"त्यांचं काय गं, कधी दुखतात, कधी नाही."

"रविवारी दुखतात."

आईंनी पिशवी ओट्यावर ठेवली आणि एकेक भाजी बाहेर काढायला घेतली. "माझ्यामुळे गाडीला त्रास होत असेल तर कशाला? कुठे जायचं झालं तर मी बसने जाईन. आणि मी काही रुसलेले नाहीये."

रुसलेले नाहीये असं आईंना तोंडाने सांगावं लागलं, म्हणजे प्रकरण खोलवर गेलं होतं. त्या दिवशी मी नवऱ्याला चांगलंच फैलावर घेतलं. त्याचा चेहरा पडला. "मी गंमत केली होती," तो म्हणाला. मी म्हटलं, "गंमत कर नाहीतर काही कर, आता तो आवाज सापडलाच पाहिजे."

चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या एका टॅक्सीवाल्याने मला पत्ता दिला. "सावकाशकडे न्या," तो म्हणाला. "खरं नाव कुणाला ठाऊक नाही. घाई करणाऱ्या प्रत्येकाला तो 'सावकाश' म्हणतो, म्हणून तेच नाव पडलं. वेळ मात्र काढून जा."

लाकडाच्या वखारीमागे पत्र्याची एक शेड होती. आत जमिनीत माणूसभर खोल खड्डा, त्यात उतरायला पायऱ्या, बाजूला लोखंड पकडायचा शेगडा लावलेलं टेबल आणि गिऱ्हाइकासाठी न्हाव्याच्या दुकानातली जुनी फिरती खुर्ची. सावकाश साठीचा होता, काटकुळा. चष्म्याची एक काडी त्याने तारेने बांधली होती. धंद्याच्या सवयीने माझं लक्ष आधी तिकडेच गेलं.

त्याने बॉनेट उघडलं नाही. हात धुतले, एका टायरवर बसला आणि मला म्हणाला, "बसा, ताई. आवाज कधी येतो ते नंतर. कधी येत नाही ते आधी सांगा."

मी सांगत गेले. तो मधे बोलत नव्हता. मग त्याने विचारलं, "येतो तेव्हा कोण कुठे बसलेलं असतं?"

इथे मी अडखळले. सासूबाई बसल्या की आवाज येतो, हे परक्या माणसाला सांगायचं कसं? शेवटी सांगून टाकलं. वाटलं, आता हा हसणार. तो हसला नाही.

"आई गाडीत नाहीत, पण गाडी भरलेली आहे, असं कधी झालंय?"

मी विचार करून पाहिला. एकदाही झालं नव्हतं.

"मग त्यांच्यावर आळ कशाला? गाडी भरते त्या दिवशी त्या असतात, इतकंच."

मला स्वतःचीच लाज वाटली. दिवसभर मी माणसांना विचारत असते, ही काच बरी की आधीची? एका वेळी एकच काच बदलायची, नाहीतर उत्तराला अर्थ नाही, हे मला झोपेतसुद्धा माहीत आहे. आणि घरात तीन महिने आम्ही दोन गोष्टी एकदम बदलत होतो आणि एकीवरच खापर फोडत होतो.

"पण त्यांना घेऊन या," सावकाश म्हणाला. "मधोमध बसतात म्हणालात ना? मग आवाजाच्या सगळ्यात जवळ बहुधा त्याच आहेत."

घरी येऊन मी आईंना म्हटलं, "मिस्त्रींनी तुम्हाला बोलावलंय."

"मला? मी काय केलं?"

"तुमची साक्ष हवीय."

शनिवारी सकाळी आई चांगले कपडे घालून, पर्स घेऊन तयार. नवराही आला. सावकाशने वखारीतल्या चार हमालांना हाक मारली आणि गाडी भरली. तो स्वतः चालवायला, नवरा शेजारी, आई आपल्या जागेवर, मी त्यांच्या एका बाजूला, एक हमाल दुसऱ्या बाजूला, उरलेले तिघे मागे. मोकळ्या रस्त्यावर काटा साठवर गेला आणि घूंऽऽ सुरू झालं.

"आहे," सावकाश म्हणाला. इतक्या दिवसांत गॅरेजमधल्या माणसाच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

त्याने गाडी न्यूट्रल केली. इंजिन शांत झालं, आवाज तसाच. "इंजिन सुटलं," तो म्हणाला. मग रस्ता रिकामा पाहून गाडी हलकेच डावीकडे, मग उजवीकडे झुकवली. आवाजात फरक नाही. "चाकांची बेअरिंगंही सुटली." मग गिअर टाकून ॲक्सिलरेटर दाबला, सोडला, परत दाबला. घूंऽऽ आपलं एका सुरात चालू. "मागचे गिअर असते तर इथे सूर बदलला असता. तेही सुटले."

एखादा न्यायाधीश पुरावा नाही म्हणून आरोपींना एकेक करून घरी पाठवतो, तसं चाललं होतं. नवरा हळूच मला म्हणाला, "तिसऱ्या गॅरेजवाल्याचे गिअर वाचले की गं आपले."

सावकाशने गाडी कडेला घेतली आणि पूर्ण मागे वळून बसला. "मावशी, तुम्हाला कुठून येतो आवाज?"

आईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मला कानाला फारसा येत नाही. पायाला येतो."

"कुठल्या?"

"उजव्या. तळव्याला." त्यांच्या पायाखाली गाडीच्या मधोमध तो उंचवटा असतो ना, त्यावर त्यांनी पाय ठेवून दाखवला. "गाडी निघते तेव्हा तीन-चार बारीक धक्के. मग काही नाही. मग मुंग्या. आणि त्यानंतर हे लोक म्हणतात, आवाज आला. मुंग्या आवाजाच्या आधी येतात."

नवरा चमकून वळला. "आई, मुंग्या येतात म्हणून आपण डॉक्टरकडे गेलो होतो, त्याच ना?"

"मी म्हणाले होते, गाडीत येतात. तुम्ही पाय तेवढा ऐकलात, गाडी ऐकलीच नाहीत."

शिरांच्या ताकदीच्या पिवळ्या गोळ्या आई चार महिने निमूट घेत होत्या. सकाळी त्या हातावर देणारी मीच.

"कधीपासून येतात?" सावकाशने विचारलं.

"गाडी आठवडाभर दुरुस्तीला होती, तिथून आली तेव्हापासून. आधी अगदी थोड्या. मग वाढत गेल्या."

"क्लचचं काम," नवरा म्हणाला. "दीड वर्ष झालं."

सावकाशने मान डोलावली. "मावशी, तुम्ही काम कुठे करायचात?"

"सूतगिरणीत. सव्वीस वर्षं. यंत्रावरच्या चारशे चात्या असायच्या माझ्याकडे."

"मग बरोबर," तो म्हणाला आणि गाडी सुरू केली. मी मात्र आईंकडे बघतच राहिले. त्या गिरणीत होत्या एवढंच मला अकरा वर्षं माहीत होतं. त्या तिथे काय करायच्या, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

शेडमध्ये त्याने गाडी खड्ड्यावर आणली, पण कुणाला उतरू दिलं नाही. स्वतः दिवा घेऊन खाली गेला. थोड्या वेळाने नवऱ्याला आणि मला खाली बोलावलं आणि आमच्या वजनाच्या बदल्यात वखारीतले आणखी दोघे वर बसवले.

इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा खालून स्पष्ट दिसत होता. तो दोन तुकड्यांचा असतो. जिथे तुकडे जोडतात, तिथे बेअरिंग असतं आणि ते रबराच्या जाड कड्यात बसवलेलं असतं. सावकाशने दिवा जवळ धरला. कड्याचं रबर एका बाजूला फाटून वासलं होतं आणि दांडा एका अंगाला लोखंडावर टेकला होता.

"आता उतरा रे सगळे," तो ओरडला. वरची माणसं उतरली, गाडी आपसूक वर आली, दांडा बोटभर सरकला आणि फट मिटली. फाटलंय हे सांगूनही खरं वाटलं नसतं.

"त्या तिघांनी मग काय पाहिलं?" नवरा म्हणाला.

"ते बिचारे काय करणार? त्यांना ती रिकामीच भेटली," सावकाश म्हणाला. "वर टांगली की चाकं लोंबतात, तेव्हा तर अजून छान दिसते."

त्याने ते बेअरिंग काढलं, पुसलं आणि वर येऊन आधी आईंच्या हातात दिलं. आई न्हाव्याच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला, दोन बोटांनी बेअरिंग हळूहळू फिरवलं, थांबल्या, पुन्हा मागे फिरवलं. "इथे अडतंय," त्या म्हणाल्या आणि नखाने ती जागा दाखवली. सावकाशने फिरवून पाहिलं. तिथेच अडत होतं.

नवीन भाग यायला चार दिवस लागले. बुधवारी परत सगळी वरात निघाली. तेच हमाल, त्याच जागा. निघतानाचे धक्के गेले होते. साठला आवाज नाही, सत्तरला नाही. मागून हमालांनी "वा!" केलं. नवरा तर किल्ली मागायच्या बेतात होता.

सावकाश आरशातून मागे बघत होता. "मावशी?"

आई जरा घुटमळल्या. "कमी झालंय. गेलं नाही."

"आई, आता काही नाहीये गं," नवरा म्हणाला. या वेळी तो अगदी प्रेमाने म्हणाला होता. पण आईंनी पाय आत ओढून घेतला. "नसेल रे. माझा पाय म्हातारा झालाय."

सावकाशने गाडी थांबवली. नवऱ्याला चालवायला बसवलं आणि स्वतः मागे माझ्या जागेवर आला. मी पुढे गेले. त्याने चप्पल काढली आणि आईंच्या पायाशेजारी, त्याच उंचवट्यावर, आपला अनवाणी पाय ठेवला. "चला, साठवर ठेवा," तो म्हणाला. दोघंही समोर बघत बसले होते, बसस्टॉपवर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसांसारखे. आम्ही बरंच अंतर गेलो.

"मला काही कळत नाही," शेवटी तो म्हणाला.

मला वाटलं, संपलं. चाळीस वर्षं हाच धंदा केलेला माणूस. त्याला लागत नाही म्हणजे नाही. आईंनी पर्स उचलून छातीशी धरली होती.

"मला कळत नाही," तो पुन्हा म्हणाला, "पण यांना कळतंय. गाडी परत घ्या."

मी बरीच हुशार माणसं पाहिली आहेत. आपल्या हातचं काम नुकतंच यशस्वी झालेलं असताना, सगळे शाबासकी देत असताना, स्वतःच्या पायापेक्षा दुसऱ्याच्या पायावर विश्वास ठेवून ते मोडून परत करायला निघालेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

तो पुन्हा खड्ड्यात उतरला. या वेळी काही सोडवायच्या आधी त्याने रॉकेल आणि ब्रश घेऊन दांड्याचा सांधा धुवायला सुरुवात केली. वर्षानुवर्षांचं ग्रीस आणि माती. नवरा दिवा धरून उभा. अर्ध्या तासाने खालून हाक आली, "ताई, या बघायला."

दांड्याच्या एका तुकड्यावर कोरलेला छोटा बाण निघाला होता. दुसऱ्या तुकड्यावरही तसाच बाण. दोन्ही समोरासमोर असायला हवे होते. ते नव्हते. एक दुसऱ्यापासून सांध्याचे दोन दात बाजूला सरकलेला होता.

"क्लचच्या वेळी हे सोडवलं असणार आणि लावताना बाण दिसले नसतील," सावकाश म्हणाला. "दोघांनी एक कपाट उचललंय आणि एकजण अर्धं पाऊल आधी टाकतोय, असं चाललंय दीड वर्ष. गाडी रिकामी असली की कसंबसं निभतं. भरली की दांड्याचा कोन बदलतो आणि हिसके वाढतात. त्या हिसक्यांनी रबर फाडलं."

"म्हणजे रबर हा मूळ रोग नव्हताच?" मी विचारलं.

"नाही. आज मी गाडी देऊन टाकली असती तर वर्षाने तुम्ही हेच फाटलेलं रबर घेऊन परत आला असता. आणि मी सांगितलं असतं की माल खराब निघाला." तो थोडा थांबला. "मला तेच खरंही वाटलं असतं."

वर येऊन त्याने आईंना सगळं सांगितलं, बाण, दात, कपाट, सगळं. आई मन लावून ऐकत होत्या. मधे एकदा त्यांनी दोन मुठी एकमेकींवर धरून फिरवून दाखवल्या, "असं?" तो म्हणाला, "असंच." माझ्या नवऱ्याने बाजूला उभं राहून हे सगळं पाहिलं, आणि विनोद सुचला असूनही केला नाही. मला त्याच्या तोंडावरून कळलं.

दांडा जुळवून बसवल्यावर सावकाश लगेच वर आला नाही. पांढऱ्या रंगाची डबी आणि बारीक ब्रश घेऊन तो खाली काहीतरी करत राहिला.

"अहो मिस्त्री, आता काय राहिलं?" आईंनी वरून विचारलं.

"पुढच्या माणसाची सोय, मावशी. दोन्ही तुकड्यांवर रेघ मारतोय. परत कुणी सोडवलं तर बाण शोधत बसायला नको."

"आम्ही खडूने मारायचो," आई म्हणाल्या. "बिघडलेल्या चातीवर. पुढच्या पाळीच्या बाईसाठी."

खालचा ब्रश क्षणभर थांबल्यासारखा वाटला.

तिसऱ्यांदा निघालो तेव्हा हमालांनासुद्धा ताण आला होता. आईंनी दोन्ही चपला काढून दोन्ही पाय उंचवट्यावर ठेवले. साठ. सत्तर. परत पन्नास, परत साठ.

"नाही," आई म्हणाल्या.

"नाही म्हणजे? गेलं नाही?" नवऱ्याचा आवाज चिरकला.

"नाहीये. काही नाहीये. नुसता रस्ता येतोय पायाला."

मागून एका हमालाने टाळी वाजवली. सावकाशने मान हलवली आणि गाडी वळवली. निघताना मी त्याच्या चष्म्याची काडी बदलून देण्यासाठी चष्मा मागितला, तर म्हणाला, "सावकाश द्या. आज लागेल मला." नवऱ्याने त्याचे आभार मानले, मग आईंसाठी गाडीचं दार उघडून धरलं. असं त्याने याआधी कधी केलेलं मला आठवत नाही. "आई, माझं चुकलं," तो म्हणाला. आई म्हणाल्या, "बरं. आता समोर बघून चालव."

रविवारी सातही जण तलावाकडे निघालो. मुलींना गाडीची चाल गायची होती, पण ताल धरायला आवाजच नव्हता. मग आमच्याकडून सगळा किस्सा ऐकलेल्या धाकटीने विचारलं, "आजी, चाती म्हणजे काय गं?"

आईंनी सांगायला सुरुवात केली. हाताएवढी लोखंडी सळई, तिच्यावर सूत गुंडाळलं जातं. अशा चारशे एकदम फिरतायत, इतक्या जोरात की शेजारच्या बाईशी बोलायचं तर ओठ वाचायला लागायचे. नणंद पुढे वाकली. तिलाही हे नवीनच होतं. नवऱ्याने न सांगता रेडिओ बंद केला.

"आणि त्या चारशेत एखादीच बिघडलेली असायची," आई म्हणाल्या. "धागा तुटायच्या आधी ती शोधायची. कशी ते सांगते." त्यांनी पुढे होऊन लेकाच्या खांद्यावर थोपटलं. "अरे, जरा हळू घे. तलाव येईल इतक्यात, माझं सांगून व्हायचंय."